त्या बाटलीला घाबरू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून देते आहे. त्यांच्या सासूबाईंना (त्या त्यांना आत्याबाई म्हणतात) दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड मिटत नाही. मालक यंत्रमागावर, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या त्या आठवड्यात आत्याबाईंचा वरचा ओठ सुजला, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसू लागले, तोंडाला वेगळाच वास यायला लागला. तोंड आलं असेल म्हणून ताईंनी तूप-हळद लावली. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना वरच्या हिरडीत काहीतरी पांढरं हललं. दवाखान्यात दोन दिवसांत बावीस अळ्या निघाल्या. डॉक्टरांनी त्यातल्या सहा-सात एका बाटलीत घालून तपासणीला पाठवल्या आणि पुढच्या सोमवारी अहवाल न्यायला, जखम दाखवायला बोलावलं. तिथल्या एकीनं सहज म्हटलं, "अळी बघून कळतं किती दिवस झालेत ते." तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्या लिहितात, "त्या बाटलीत माझा गुन्हाच बंद करून नेला असं वाटलं." नणंद म्हणते, "माझ्या आईला किडे पडेपर्यंत तू काय करत होतीस?" गल्लीत कुजबुज आहे की म्हातारीची जीभ फार कडू होती, त्याचंच हे फळ. मालक म्हणतात, झालं ते झालं, आता परत जायचं नाही, बोभाटा नको. ताई विचारतात: माझ्या हातून पाप झालं का? अहवाल आणायला जाऊ की नको? पोलीस केस होईल का? वन्संना काय सांगू? आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात: आत्याबाईंना हे सगळं कळत होतं का?

प्रिय ताई,

बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एक आधी सांगते. सोमवारी आत्याबाईंना घेऊन दवाखान्यात जाच. अहवाल बाजूला राहू द्या, त्यांच्या हिरडीसाठी जा. या अळ्या घोळक्यानं राहतात आणि मांस पोखरत आत सरकतात. दिसणाऱ्या निघाल्या तरी एखादी खोल राहिलेली असू शकते, म्हणून जखम पुन्हा पुन्हा धुऊन, उघडून बघावी लागते. वरच्या हिरडीच्या पाठीमागे टाळू, टाळूच्या वर लगेच नाक, बाजूला गालाच्या हाडातली पोकळी. तिथवर काही पोचलेलं नाही ना, हे डॉक्टरांनाच बघू द्या. मालकांना सांगा, बोभाटा चार दिवसांत विरतो, टाळूला भोक पडलं तर आत्याबाईंची पेज नाकातून बाहेर येईल. हे ऐकून ते स्वतः रिक्षा आणतील असं मला वाटतं.

आता ती बाटली.

तुम्ही तिला घाबरलात, कारण आत काय आणि कशाला हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी दंतवैद्य आहे, या जिल्ह्यातल्या ग्रामीण दवाखान्यांत माझी बरीच वर्षं गेली, आणि अशा बाटल्या मी स्वतः भरून पाठवल्या आहेत. म्हणून सविस्तर सांगते.

अळी ओळखायची तर ती नीट टिकवावी लागते. जिवंत अळी आधी खूप गरम पाण्यात टाकतात, म्हणजे ती ताठ आणि लांब होऊन मरते. मग स्पिरिटमध्ये ठेवतात. थेट स्पिरिटमध्ये टाकली तर ती आक्रसते, काळी पडते आणि अंगावरच्या खुणा वाचता येत नाहीत. प्रयोगशाळेत तिचं शेपटाकडचं टोक कापून कॉस्टिकच्या पाण्यात ठेवतात. आतलं मऊ मांस विरघळतं, पारदर्शक कातडी उरते, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेपटाकडचंच टोक का? कारण माशीची अळी श्वास मुख्यतः तिथून घेते. डोकं मांसात खुपसलेलं, मागचं टोक हवेकडे. तुम्हाला हिरडीत जे हलताना दिसलं ते तिचं हेच टोक होतं.

त्या टोकाला दोन तपकिरी चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीत श्वासाच्या फटी. माशीची जात ओळखायची ती या चकत्यांवरून. घरातल्या साध्या माशीच्या अळीच्या फटी नागमोडी असतात. मांसमाशीच्या चकत्या खोल खड्ड्यात दडलेल्या असतात. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्यांच्या फटी सरळ असतात, आणि त्यांच्यात पुढे बघायचं ते चकतीभोवतीचं कडं: पूर्ण बंद आहे की एका जागी तुटलेलं आहे. कडं तुटलेलं, अंगाभोवती काट्यांच्या रुंद पट्ट्या, पुढच्या टोकाकडच्या श्वासछिद्राला चार ते सहा बोटांसारखे फाटे, हे सगळं एकत्र दिसलं की तज्ज्ञ म्हणतात, क्रायसोमाया बेझियाना. काट्यांच्या पट्ट्यांमुळे ही अळी आटे पाडलेल्या स्क्रूसारखी दिसते, म्हणून तिला स्क्रूवर्म म्हणतात. काटे मागच्या बाजूला वळलेले असतात आणि तोंडाशी दोन काळे आकडे. म्हणूनच ती ओढून सहज निघत नाही. कधीकधी एखादी अळी जिवंत ठेवून तिची माशी होऊ देतात आणि मग खात्री करतात.

या माशीला हे नाव १९१४ साली मिळालं. भारतात माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांत अळ्या पडतात त्यामागे मुख्यतः हीच आहे, हे कीटकतज्ज्ञ पॅटन यांनी १९२० साली मांडलं. पण आपल्या शेतकऱ्यांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बैलाच्या खांद्याला, शेळीच्या खुराला, नुकत्याच व्यालेल्या म्हशीला जी आसडी पडते, ती पुष्कळदा हिचीच. माझ्या लहानपणी मंगळवेढ्याकडे आमच्या बैलाच्या खांद्याला आसडी पडली की वडील सीताफळाचा पाला ठेचून बांधायचे. त्या बैलाला कुणी पापी म्हटलं नाही आणि वडिलांना कुणी निष्काळजी म्हटलं नाही. हे तुमचं पत्र वाचताना मला फार आठवलं.

जात कळून उपयोग काय, असं मालक विचारतील. उपयोग आहे. सगळ्या अळ्या सारख्या नसतात. काही फक्त सडलेलं, मेलेलं मांस खातात. त्यातल्या एका जातीच्या निर्जंतुक अळ्या जुनाट जखमा साफ करायला वापरतात, अमेरिकेत २००४ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. स्क्रूवर्मची अळी मात्र जिवंत मांसात शिरते. बाटलीतली ती निघाली तर डॉक्टर आत्याबाईंची जखम जास्त खोल तपासतील, गरज वाटली तर स्कॅन करतील. दुसरं म्हणजे ही माशी गोठ्यातून घरात येते. तुमच्या गल्लीत शेळ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातल्या एखादीला जखम असेल तर ती पशुवैद्याला दाखवली पाहिजे. १९८८ साली लिबियात जनावरांच्या जखमांतल्या अळ्या अमेरिकेतल्या स्क्रूवर्मच्या, म्हणजे हिच्यासारख्याच पण वेगळ्या जातीच्या माशीच्या, आहेत हे ओळखलं गेलं, म्हणून वेळेवर धावपळ झाली आणि १९९१ पर्यंत तिथून ती माशी नाहीशी करता आली. नाहीतर ती साऱ्या आफ्रिकेत पसरण्याची धास्ती होती. त्या कामाची सुरुवातही अळ्या ओळखण्यापासूनच झाली.

राहिलं ते वाक्य, "किती दिवस झालेत ते कळतं." हो, कळतं. तुमच्यापासून लपवणार नाही. अळी दोनदा कात टाकते. पहिल्या कातीनंतर चकतीत दोन फटी दिसतात, दुसऱ्या कातीनंतर तीन. स्क्रूवर्मची अंडी साधारण दिवसभरात फुटतात, अळी पाच ते सात दिवस खाते, वाढत वाढत दीड सेंटीमीटरपर्यंत जाते आणि मग जखमेतून गळून मातीत जाऊन कोष करते. त्यामुळे फटी आणि लांबी बघून तज्ज्ञ अंदाजानं सांगतात की अंडी तीन दिवसांपूर्वी पडली की पाच.

पण ताई, हे घड्याळ चालू होतं ते माशी बसली त्या घटकेपासून. त्याच्या मागचं त्याला काही दिसत नाही. अहवालात फार तर लिहिलेलं असेल की अळ्या चार-पाच दिवसांच्या आहेत. म्हणजे तुम्हाला सूज दिसली त्याच्या एक-दोन दिवस आधी अंडी पडली आणि सूज दिसल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होतात. तुम्ही स्वतः सांगताय तेच अळीही सांगणार. त्या आधीच्या दीड वर्षाविषयी विचारायचं असेल तर आत्याबाईंच्या पाठीला विचारावं लागेल. तुम्ही लिहिलंय की नर्सबाईंनी त्यांना कुशीवर वळवून बघितलं आणि पाठीला एकही जखम नाही म्हणून आश्चर्य केलं. दीड वर्ष अंथरुणात असलेल्या माणसाची पाठ शाबूत राहते ती कुणीतरी दिवसातून कितीदा तरी वळवल्याशिवाय नाही. हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि बाटलीवर दोन पानं लिहिलीत.

पोलिसांचं: ही तपासणी उपचारासाठी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात शिक्षा आहे ती म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठंतरी सोडून जाणाऱ्याला. तुम्ही तर उचलून दवाखान्यात नेलंत. ही भीती मनातून काढून टाका.

आता थोडं अवघड बोलते. "माझ्याकडून काहीच चुकलं नाही" असं ऐकायला तुम्हाला बरं वाटेल, पण ते पुरतं खरं नाही आणि तुम्हालाही ते पटणार नाही. पत्रात तुम्ही आंघोळ, पावडर, केस विंचरणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं वेळापत्रकासकट लिहिलंय. तोंडाविषयी एकच वाक्य आहे: "त्यांना चूळ भरता येत नाही." तोंड रोज साफ होत नव्हतं, बरोबर ना? पण ते करायचं असतं आणि कसं करायचं असतं, हे तुम्हाला कुणी दाखवलं? अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा सांगतात, व्यायाम सांगतात, तोंडाचं क्वचितच सांगतात. ही उणीव आम्हा दातांच्या डॉक्टरांचीही आहे.

आणि एक गोष्ट मला आज सांगावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक माणूस आपल्या मतिमंद भावाला घेऊन आला होता. पुढच्या दातांवर अशाच अळ्या. मी हातमोजे घालता घालता त्याच्यावर ओरडले, "इतके दिवस काय झोपला होतात?" त्यानं काही उत्तर दिलं नाही. मी अळ्या काढल्या, दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. तो आला नाही. त्या भावाचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. माझ्या एका वाक्यानं एका रुग्णाचा उपचार तुटला, हे ओझं मी आजही वागवते. तुमचे मालक "परत जायचं नाही" म्हणतात तेव्हा मला तो माणूस दिसतो. लाजेनं माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही आणि अळीला तेवढाच वेळ मिळतो.

ही लाज येते कुठून? आपल्या भाषेतूनच. "खोटं बोलशील तर तोंडात किडे पडतील," हे आपण आजीकडून ऐकलं, भांडणात ऐकलं, मुलांना म्हटलंही असेल. शिव्याशापातली ही ओळ इतकी अंगवळणी पडलीय की खरोखर कुणाच्या तोंडात अळ्या निघाल्या की लोकांना आजार दिसत नाही, निकाल दिसतो. गल्लीतल्या बायका आत्याबाईंच्या कडू जिभेविषयी बोलतात त्याचं मूळ हे. माशीला माणसाचा स्वभाव कळत नाही, ताई. तिला रक्ताचा, पुवाचा वास कळतो आणि उघडं, ओलं, न हलणारं तोंड कळतं. या आजाराला मायासिस म्हणतात. १८४० साली होप नावाच्या अभ्यासकांनी ग्रीक भाषेतल्या माशीच्या शब्दावरून ते नाव दिलं. तोंडात तो होतो तो बहुतेक अशाच लोकांना: झटका आलेले, स्मृतिभ्रंश झालेले, सेरेब्रल पाल्सीची मुलं, बेशुद्ध रुग्ण, तोंडाच्या कॅन्सरची जखम असलेले, दारूच्या नशेत उघड्यावर पडून राहणारे. ज्याला बसलेली माशी हाताने हाकलता येत नाही किंवा ती बसल्याचं सांगता येत नाही, तो कुणीही. हे एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या मुलांनी आजीच्या जवळ बसायला काहीही हरकत नाही, आणि त्यांना तसं मुद्दाम सांगा, कारण त्यांनी विचारलं नसलं तरी ती लांबून बघत असतील.

आत्याबाईंनी जन्मभर विड्या वळल्या आणि मिश्री लावली असं तुम्ही म्हणता. मिश्रीनं हिरड्या कमकुवत होतात, दातांपासून सुटतात, त्यांच्यातून रक्त-पू येतो. म्हणजे माशीला बोलावणारा वास कदाचित बऱ्याच दिवसांपासून तिथं होता. झटक्यानं तोंड उघडं राहिलं आणि पावसानं माश्या वाढल्या. त्या दिवसांत तुम्ही त्यांची खाट हवेसाठी ओट्यावर काढत होतात, सोलापूरच्या त्या उकाड्यात कुणीही काढेल. मच्छरदाणी होती, पण रात्रीची. आपण मच्छरदाणी डासांसाठी लावतो आणि सकाळी गुंडाळतो. या माश्या दिवसा फिरतात. दुपारी तुम्ही विड्या द्यायला कारखान्यात गेलात, आत्याबाईंचा डोळा लागला, एवढा वेळ माशीला पुरतो. एका खेपेला ती दीडशे-दोनशे अंडी घालते.

आता वन्संचं. तीन वाटा दिसतात. एक, मालक म्हणतात तसं सगळं झाकून ठेवायचं. वन्संना अर्धं कळलंच आहे, त्यामुळे झाकलेलं त्यांच्या मनात आणखी मोठं होत जाईल. दोन, "एवढं वाटतं तर घेऊन जा तुमच्या आईला" म्हणायचं. रागाच्या भरात हे तोंडावर येतंच. वन्संच्या घरी माणसं जास्त असतील, जागा मोठी असेल, तर हा विचार कधीतरी शांतपणे करायला हरकत नाही. पण हिरडीची जखम ओली असताना, शिक्षा म्हणून, नको. वाचा गेलेल्या माणसाला ओळखीचे हात आणि ओळखीचं छत फार आधार देतात. तीन, वन्संना सोमवारी सोबत न्यायचं. मला हीच वाट पटते. डॉक्टर बोलतील ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. तुम्ही सांगितलेलं त्यांना सबब वाटेल, डॉक्टरांचं वाटणार नाही. आणि त्यांना दोषाचं उत्तर देत बसू नका. एवढंच म्हणा, "वन्सं, तोंडाचं माझ्या लक्षात आलं नाही. आता रोज करायचंय. रविवारचं तुम्ही कराल का?" त्यांच्या रागाखाली आई हातातून चालल्याची भीती आहे. हाताला काम मिळालं की ती थोडी खाली बसते. गल्लीला मात्र काही सांगायला तुम्ही बांधील नाही. "हिरडीला जखम होती, औषध चालू आहे," एवढं खरं आणि पुरेसं आहे.

मालकांनाही वाटा उचलू द्या. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा घरी असतात. दुपारची मच्छरदाणी आणि एक वेळचं तोंड पुसणं त्यांच्याकडे द्या. आईचं करणं हे सुनेचंच काम, हे गृहीत तुमच्या पत्रात इतकं खोल आहे की तुम्ही त्याविषयी तक्रारसुद्धा केलेली नाही. हजार विड्यांचा हिशेब आणि अंथरुणातलं माणूस, हे दोन्ही एका बाईनं एकटीनं पेलावं आणि एक दुपार हुकली तर तिलाच विचारावं, हे मला मान्य नाही.

तोंड कसं साफ करायचं ते नीट लिहिते, कारण घरी असं माणूस असलेल्या सगळ्यांनाच हे हवं असतं. आधी पाठीमागे उशा देऊन अर्धवट बसतं करा. बसवता येत नसेल तर कुशीवर घ्या, म्हणजे पाणी घशात न जाता गालातून बाहेर येईल. झटक्यानंतर गिळणं बिघडलेलं असतं, चमचाभर पाणीही श्वासात जाऊ शकतं. मऊ, लहान ब्रश, अगदी थोडं पाणी. दात नसतील तिथं स्वच्छ ओली पट्टी बोटाला गुंडाळून हिरड्या, टाळू, जीभ, आणि विशेषतः लुळ्या बाजूचा गाल. त्या गालात घास अडकून राहतो आणि रुग्णाला ते कळतही नाही. सकाळी, रात्री आणि प्रत्येक खाण्यानंतर पुसणं. क्लोरहेक्सिडिनचं जंतुनाशक द्रव्य डॉक्टर देतील, ते ओतायचं नाही, पट्टीला लावून पुसायचं. ओठांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात. हलणारे दात असतील तर सोमवारी दाखवा, काढायचे की ठेवायचे ते ठरवता येईल. आणि दिवसातून एकदा मोबाईलचा टॉर्च लावून ओठ वर उचलून आत बघायचं. यात पाच मिनिटं जातात. उघडं तोंड बंद राहावं म्हणून हनुवटीला फडकं बांधणारी घरं मी पाहिली आहेत. ते कधीही करू नका, उलटी झाली तर जीव जाईल.

मच्छरदाणी दिवसाही. खिडकीला जाळी. उष्ट्या भांड्याला, कचऱ्याच्या डब्याला झाकण. आत्याबाईंची साखर तपासली नसेल तर तपासून घ्या, मधुमेहात जखमा लवकर भरत नाहीत.

इतर वाचकांसाठी: अंथरुणातल्या माणसाच्या तोंडाचा वास अचानक बदलला, उशीवर रक्त दिसलं, वरचा ओठ किंवा हिरडी सुजली, तोंडाशी पुन्हा पुन्हा माशी येते आहे, न बोलणारं माणूस घास नाकारतं आहे किंवा हात सारखा तोंडाकडे नेतं आहे, तर त्याच दिवशी ओठ उचलून बघा. हिरडीत बारीक भोकं दिसली, त्यात पांढरं काही हललं, तर तसंच उठून दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या सर्वोपचार रुग्णालयात, गेलात तरी चालेल. घरी चिमट्यानं ओढू नका, अळी तुटते आणि तुकडा आत राहतो. रॉकेल, फिनेल, पेट्रोल, डांबराच्या गोळ्यांची पूड, सीताफळाच्या बिया, यातलं काहीही माणसाच्या तोंडात घालू नका. बैलाच्या खांद्याला चालतं ते घशाला चालत नाही, श्वासात गेलं तर फुप्फुस भाजून निघतं. दवाखान्यात टर्पेंटाइनचा बोळा जपून ठेवतात किंवा भोकावर जाड मलम लावतात. हवा कोंडली की अळी स्वतःच मागे सरकत बाहेर येते आणि मग चिमट्यानं धरता येते. नंतर जखम धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, लागेल तसं प्रतिजैविक, आणि काही वेळा वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. एखादी अळी गिळली गेली असेल ही भीती बहुतेकांना असते. ती सहसा पोटात मरते. तोंडात राहून तिची माशीही होत नाही, तिला कोषासाठी कोरडी माती लागते. अळी सापडली तर फेकू नका, झाकणाच्या डबीत घालून डॉक्टरांना द्या, ते का हे वर लिहिलंच आहे.

आणि एक गैरसमज. दाताला लागलेली कीड वेगळी. तिच्यात अळी नसते. डोळ्यांना न दिसणारे जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि दात झिजतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून पांढरे किडे काढून दाखवणारे बाजारात बसतात. त्यांच्या कापसावर जे दिसतं ते दातातून आलेलं नसतं. नावात कीड आहे म्हणून दोन्हींची गल्लत होते आणि नेमकी खरी अळी निघते त्या दिवशी माणूस चुकीच्या दारात जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न, बारीक अक्षरातला. आत्याबाईंना कळत होतं का?

हो ताई, बहुधा कळत होतं. बोलू शकणारे रुग्ण सांगतात की आत काहीतरी वळवळतं, खाजतं, ठणकतं. आत्याबाईंना सांगता आलं नाही. तुम्ही लिहिलंय की त्या दोन रात्री त्या डावा हात सारखा ओठाशी नेत होत्या आणि तुम्ही तो परत चादरीखाली घेत होतात, की उघडा राहू नये. तो हात सांगत होता. तुम्हाला ती भाषा तेव्हा ठाऊक नव्हती, आता आहे. दवाखान्यातून आल्यापासून त्या तुमचं मनगट धरतात आणि सोडत नाहीत, याचा अर्थ राग असा तुम्ही लावलाय. मला तसं वाटत नाही. राग असता तर तोंड उघडलं नसतं. तुमच्याच पत्रात आहे की पट्टी घेऊन तुम्ही समोर बसलात की त्या आपणहून तोंड उघडतात.

त्यांच्याशी बोला. वाचा गेली म्हणजे ऐकू येणं गेलं असं नाही, आणि झटक्यानंतर पुष्कळांना समजतं जास्त, बोलता येतं कमी. काय झालं होतं ते त्यांना साध्या शब्दांत सांगा: माशी बसली होती, अळ्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी काढल्या, आता बरं होतंय. हिरडीला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी म्हणा, "आत्याबाई, तोंड बघते हं." दुखलं तर डावा हात उचलायचा, एवढी एक खूण दोघींत ठरवून घ्या, आणि हात उचलला की थांबा. सोमवारी ती खूण डॉक्टरांनाही सांगा.